इतर वर्गातली गाडी

नानांच्या गाडीत बसायचं तर आधी डावं-उजवं विसरावं लागे. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून नाना डावीकडे. पाहुणा उजवीकडे, म्हणजे आपल्या देशात ड्रायव्हर बसतो त्या जागी, हात मांडीवर ठेवून. मी पहिल्यांदा बसले तेव्हा कुंभकोणमच्या बाजारात पोलिसानं शिट्टी मारली आणि थेट माझ्याकडे येऊन लायसन्स मागितलं. माझ्यासमोर स्टिअरिंगच नाही हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. तोवर दोन्ही हात सोडून गाडी चालवल्याबद्दल त्यानं मला भरपूर झाडून घेतलं होतं. पलीकडे नाना शांतपणे पान चघळत होते. पोलीस दमल्यावर त्यांनी खिशातून आपलं लायसन्स काढून माझ्या पुढ्यातून त्याच्या हातात दिलं. पुढे निघाल्यावर मला म्हणाले, "त्याचं बोलून होवूं द्यावं, रुक्मा. मधें तोंड घातलं तर आटे जातात."

आटे जाणं ही नानांच्या दृष्टीनं जगातली सर्वांत वाईट गोष्ट. घाईनं पिळलेल्या स्क्रूचे आटे जातात, तसे माणसांचेही जातात, असं त्यांचं मत होतं. चाळीस वर्षं त्यांनी कुंभकोणमला लागून असलेल्या आमच्या मेलकावेरीत लेथचं दुकान चालवलं आणि आसपासच्या भातशेतीच्या पंपांचे भाग कातून दिले. पंप नादुरुस्त झाला की शेतकरी हातघाईवर येत. नाना त्यांना बाकावर बसवत, विड्याचं पान हातात देत, आणि पंपाला बोट लावायच्या आधी त्याच्याकडे एक पान संपेपर्यंत नुसते पाहत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन कधी दिसलं नाही. तिथे फटी मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा असे. बायकोनं इडलीचं भांडं आणलं तरी झाकणाची फट नाना आधी मोजून घेत.

त्यांचं खरं नाव सुंदरराव. आमचं घर त्यांच्या घराला लागून, मधे एक बुटकी भिंत. आम्ही दोन्ही घरं तंजावरकडची मराठी, म्हणजे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. मी पुण्याला नोकरीला गेले तेव्हा कचेरीतल्या लोकांनी माझं मराठी ऐकून, "हे कुठल्या शतकातलं?" असं कौतुकानं विचारलं होतं. कौतुकच होतं ते, पण त्या दिवसापासून मी माझं बोलणं हळूहळू बदलून टाकलं. दोन वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं, कचेरीनं घरून काम करायची मुभा दिली, आणि मी वर्षभरासाठी मेलकावेरीला परत आले. तेव्हा नाना पंचाहत्तरीला टेकले होते आणि त्यांची गाडी नुकतीच पुरी झाली होती.

गाडी मूळची त्यांच्या वडिलांची, अप्पांची. अप्पा एका जमीनदाराकडे ड्रायव्हर होते. जमीनदाराच्या मुलानं हौसेनं युरोपातून बोटीनं ही दोन माणसांची लाल गाडी आणली, दोन वर्षं मिरवली, आणि कायमचा परदेशी जाताना अप्पांना देऊन टाकली. नाना आणि त्यांचे थोरले भाऊ गोविंदअण्णा, हे दोघे लहानपणी त्या उजवीकडच्या एकाच सीटवर दाटीवाटीनं बसत. अण्णा दाराकडे, नाना आतल्या अंगाला. वर्षातून एकदा अप्पा त्यांना घेऊन इन्नंबूरला जात. तिथल्या देवळात पोरांना अक्षरं गिरवायला नेतात. अक्षरं येऊन पुष्कळ वर्षं झाली तरी अप्पा नेतच राहिले, कारण वाटेवर दोन्ही बाजूंना भात असे आणि गाडीला टप नव्हता.

पुढे अण्णा शिकून अमेरिकेला गेले. अप्पा वारले तेव्हा त्यांना येता आलं नाही. गाडी मागच्या अंगणात झावळ्यांच्या छपराखाली पडली ती पडलीच. अण्णा फोनवर दर वेळी एकच म्हणत, "अप्पांची गाडी चालूं कर, सुंदर. ज्या दिवशीं चालूं होईल त्या दिवशीं मी येतों. इन्नंबूरला जाऊं." असं किती तरी वर्षं चाललं. नानांनी दुकान बंद केलं तेव्हा त्यांना दुसरं काही करायचंच नव्हतं.

सहा वर्षं लागली. गाडी खोलायच्या आधी नानांनी जे केलं ते फक्त आमच्या गावचा माणूसच करू जाणे. इकडे देवळाची दुरुस्ती काढली की मूर्तीतलं दैवत आधी मंत्रानं कलशात उतरवतात आणि तो कलश एका छोट्या तात्पुरत्या देवळात ठेवतात. मग खुशाल दगड फोडा, चुना खरवडा. काम झालं की दैवत पुन्हा आपल्या जागी. नानांनी गाडीचं स्टिअरिंग काढलं आणि देवघरात नेऊन ठेवलं. रोज त्याला गंध आणि एक फूल. काकी, म्हणजे नानांची बायको कमळी, आईला भिंतीवरून सांगायची, "अय्यो, तेहतीस कोटी कमी होते, आतां त्यांत एक चाक." पण नाना तंजावरला लग्नाला गेले की फूल तीच वाहायची.

मग त्यांनी गाडीचं अस्कं, म्हणजे झाडून सगळं, सोडवलं. पत्रा कुजला होता. कुंभकोणमात पितळी भांडी ठोकणारे पुष्कळ, त्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराला त्यांनी घरी आणलं आणि दोघांनी मिळून नवा पत्रा ठोकला. इंजिनाचा ठोकळा मात्र उभा चिरला होता. तसला दुसरा मिळेना. नानांनी तीन वर्षं वाट पाहिली आणि शेवटी एका मोडीत काढलेल्या अँबॅसेडरचं इंजिन आणून बसवलं. ते उंच निघालं, बॉनेट लागेना. भांडेवाल्यानं मग बॉनेटच्या मधोमध एक फुगवटा ठोकून काढला, पालथ्या हंड्यासारखा. मला तो फुगवटा फार आवडायचा. गाडी लाल, आणि तो फुगवटा नानांनी मुद्दाम पितळी रंगाचाच ठेवला होता.

उजवीकडची सीट शिवणारा टेलर म्हणाला, जरा अरुंद करू, मधे जागा सुटेल. नाना म्हणाले, "होणार नाहीं. दोघे बसतात तींत."

शेवटी स्टिअरिंग देवघरातून बाहेर आलं, बसवलं गेलं, आणि कावेरीचं पाणी फुगवट्यावर ओतून गाडी चालू झाली. हे झालं मी येण्याच्या आठवडाभर आधी. नानांच्या फोनला फक्त बटणं, तेव्हा अण्णांना गाडी दाखवायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी सहाला आम्ही अंगणात उभे राहिलो. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं. अण्णा पडद्यावर दिसले: ऐंशीचे, अंगात जाड स्वेटर, गळ्यात आमच्याकडची तुळशीची माळ. इतकी वर्षं तिकडे राहून त्यांचं मराठी आमच्यापेक्षाही जुनं उरलं होतं. त्यांनी गाडी सगळ्या बाजूंनी पाहिली. बॉनेटपाशी आल्यावर म्हणाले, "हें पोट कसलें?"

नानांनी सांगितलं.

अण्णांनी गळ्यातली माळ बोटांत धरली. मग मला म्हणाले, "चित्र बंद कर, बाई. फोन इंजिनापाशीं धर. मज नुसतें ऐकूं दे." मी धरला. नानांनी चावी फिरवली. इंजिन सुरेख चालत होतं, हे मला न कळणारीलाही कळत होतं. नाना माझ्या हाताकडे पाहत उभे होते. निकालाच्या दिवशी मुलं शाळेच्या फळ्याकडे पाहतात तसे.

"ही अप्पांची गाडी नव्हे," अण्णा म्हणाले. "अप्पा वळणावर आले कीं मज घरांत समजत होतें. हा आवाज तो नव्हे. इकडे ह्याला हॉट रॉड म्हणतात. जुन्या गाडीची कातडी ठेवावी, आंत दुसरें इंजिन घालावें, आणि पोरांनी रस्त्यांत उंडारावें. तूं अप्पांच्या गाडीचा हॉट रॉड केलास, सुंदर." आणि फोन बंद झाला.

नाना म्हणाले, "सेरी." सेरी म्हणजे बरं. त्यांनी इंजिन बंद केलं, बॉनेट लावलं, आणि फुगवटा धोतराच्या सोग्यानं पुसला. मला अण्णांचा इतका राग आला की मी तिथून तडक घरी आले. आईनं विचारलं तर तिच्यावरच ओरडले.

दुसऱ्या दिवशी नानांनी मला हॉट रॉड म्हणजे काय ते वाचून दाखवायला सांगितलं. मी अर्धा तास वाचत होते. जगात यावर माणसं एकमेकांचे गळे धरतात हे मला तेव्हा कळलं. कोणी म्हणे हॉट रॉड अमेरिकेच्या गाडीचाच होतो, युरोपातल्या नाजूक गाडीला ते नाव लावणं हा दोन्ही गाड्यांचा अपमान. कोणी म्हणे गाडी कुठलीही असो, मालकानं आपल्या हातानं कापून-जोडून बनवली की झालं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हें ठरवणारा कोण?" मी म्हटलं, तसं कोणी नसतं, पण तिरुचीला जुन्या गाड्यांचा मेळा भरतोय, तिथे परीक्षक वर्ग लावून देतात, कागदही देतात. नानांचे डोळे चमकले. त्यांना बक्षीस नको होतं. 'ही अमुक सालची जुनी गाडी आहे' असा एक कागद हवा होता, अण्णांना पाठवायला.

आम्ही पहाटे निघून तिरुचीला गेलो. रांगेत चकाकणाऱ्या गाड्या, पांढऱ्या टोप्यांचे मालक, आणि मधे आमचं पितळी पोट. तीन परीक्षक आले. पहिल्यानं विचारलं, यात मूळचं काय काय आहे? तमिळमध्ये नाना अगदी शांतपणे म्हणाले, "सगळं मूळचंच." परीक्षकानं बॉनेट उघडून आत पाहिलं आणि मग नानांकडे पाहिलं. नानांनी त्याला स्टिअरिंग, देवघर, गंध, फूल, सगळं नीट समजावलं. माणूस तमिळच होता, देवळाचं त्याला ठाऊक होतं. तो डोकं खाजवत राहिला, पण तसा रकाना कागदावर नव्हता.

दुसरा म्हणाला, इंजिन बदललंय, सरळ हॉट रॉड लिहा. तिसरा उसळला. युरोपातल्या गाडीचा हॉट रॉड? आणि हॉट रॉडमध्ये इंजिन दांडगं असतं, हे तर अँबॅसेडरचं, लग्नाच्या वऱ्हाडाला नेणारं! तिघांचं असं जुंपलं की लोक जमले. नाना मधे पडले नाहीत. शेवटी परीक्षकांनी काचेवर एक पट्टी चिकटवली: 'अदर्स'. म्हणजे इतर. आमच्या शेजारी त्या वर्गात एक आईस्क्रीमचा टेम्पो होता.

परतताना नाना तंजावर मागे पडल्यावर म्हणाले, "रुक्मा, आपणहि तसेंच कीं. सांगाडा तिकडला, इंजिन इकडलं. इकडले म्हणतात हे तिकडले, तिकडले तुज काय म्हणाले?"

मी म्हटलं, "कुठल्या शतकातले म्हणून विचारलं."

नाना इतके हसले की गाडी जरा हेलपाटली. मी हसता हसता रडायला लागले. बारा वर्षं मी पुण्यात ज्याच्यापायी तोंड सांभाळून बोलत होते ते या माणसानं एका वाक्यात मोकळं करून टाकलं होतं. त्यांनी ती पट्टी काचेवरून कधीच काढली नाही. पण रात्रीच्या जेवणाला बसताना काकीला एवढंच म्हणाले, "कागद नाहीं मिळाला. अण्णा येणार नाहींत."

त्यानंतर गाडी अंगणातच राहिली. नाना रोज पुसत, चालवत नसत. मी म्हटलं, अण्णांना एकदा फोन लावू. ते म्हणाले, "ज्याचे आटे जुळत नाहींत तें हातोडीनं बसवूं नये." महिनाभर असंच गेलं.

मग एक दिवस काकी आणि नाना आईला पाहायला आले. आई ऐंशीच्या पुढची, खुर्चीला खिळलेली, पण जुन्या गोष्टी तिला कालच्या जेवणापेक्षा लख्ख आठवत. नानांनी तिला आपलं दुःख सांगितलं, की आवाज जुळला नाही. आई म्हणाली, "कसला आवाज?"

"अप्पांच्या गाडीचा. वळणावरून ऐकूं येत होता तो."

"सुंदर, तुज ठाव नाहीं?" आई म्हणाली. "तुझा अप्पा इंजिन चालूं ठेवून कधीं घरीं आला? कंजूष मनुष्य तो. कावेरीच्या पुलावर चढला कीं गाडी बंद करी, आणि उतारावरून चुम्मा, नुसताच, घरंगळत दारापर्यंत येई. पेट्रोल वांचवायचं म्हणून. तुम्हांला ऐकूं येत होतं तें दार. तें डावीकडलं दार खिळखिळं होतं, तें वाजायचं खळ् खळ्, मग चिंचेपाशीं ब्रेक. मी ह्याच ओट्यावर बसून ऐकत होतें."

नाना उठले. चपलाही न घालता घरी गेले. मी भिंतीवरून पाहिलं तर ते डावीकडच्या दारापुढे उकिडवे बसले होते. ते दार वाजू नये म्हणून त्यांनी किती खटपट केली होती ते त्यांनीच मला दाखवलं होतं: नवी कडी, आत रबराच्या पट्ट्या, फट केसभर. आता त्यांनी एकेक पट्टी सोलून काढली. कडी उतरवली आणि डब्यातून अप्पांच्या वेळची झिजलेली कडी शोधून लावली. दार हलवून पाहत, खिशातल्या पोलादी पट्ट्यांनी फट मोजत, पुन्हा थोडी ढिली करत. इतक्या मेहनतीनं घालवलेला आवाज त्यांनी एका दुपारात परत आणला.

सहाला फोन लावला तो मी, गाडीत बसून, पुलाच्या माथ्यावरून. अण्णा म्हणाले, "काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही. नुसतं ऐका." नानांनी इंजिन बंद केलं, गिअर सोडला, ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी हळूहळू उतरू लागली. वारा, चाकाखाली खडी, आणि दार: खळ् खळ्, खळ् खळ्. मी फोन नानांच्या पलीकडे दाराशी धरला होता. नाना पुढे पाहत होते. वळण आलं, चिंच आली, ब्रेक कुरकुरला, आणि गाडी दारात थांबली.

मी फोन कानाशी आणला. मग अण्णांचा आवाज आला, आणि तो ऐंशी वर्षांच्या माणसाचा नव्हता.

"अप्पा आले," ते म्हणाले. "आई, पान मांड."

नानांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "सुंदर, मी येतों. पोंगल झालें कीं येतों. दाराकडे मी बसणार, आतांच सांगून ठेवतों." नाना डोकं न उचलता म्हणाले, "मग चालविणार कोण?" दोघे एकदम हसू लागले. मला तेव्हा आठवलं की लहानपणी अप्पांना धरून त्या गाडीत माणसं तीन असत.

अण्णांनी तिकीट काढलं. नानांनी उजवी सीट पुन्हा एकदा घासून-पुसून घेतली. मी लेकीसारखी दोघांच्या मधे निरोप पोचवत राहिले: इन्नंबूरचा रस्ता आता कसा आहे, भात कधी कापतात, देऊळ किती वाजता बंद होतं. पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आठ दिवस आधी अण्णांच्या मुलीचा फोन आला, इंग्रजीत. ते झोपेतच गेले होते. नानांना सांगायचं काम माझ्यावर आलं, आणि मला ते नीट जमलं नाही. मी मराठीत सुरुवात केली, तमिळमध्ये शेवट केला. नानांनी माझं बोलून होऊ दिलं. मग म्हणाले, "सेरी."

दिवसकार्य झाल्यावर ते एकटेच इन्नंबूरला जाऊन आले. कोणाला बरोबर घेतलं नाही. परत आल्यावर काकीनं विचारलं, कसं होतं? तर म्हणाले, "भात कापून झालं."

आई चालू लागली आणि मला पुण्याला बोलावणं आलं. निघायच्या दिवशी संध्याकाळी मी बॅगा घेऊन ओट्यावर उभी होते, समोर रिक्षा. रिक्षावाला तरुण, गावात नवीन. इतक्यात पुलाकडून आवाज आला, खळ् खळ्. आत आई खुर्चीतून ओरडली, "सुंदर आला. कमळीला पान मांडायला सांग." वळणावरून लाल गाडी आली, इंजिन बंद, पितळी पोटावर उन्हाची तिरीप, काचेवर ती पट्टी. नाना डावीकडे ताठ बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष उतारावर होतं.

रिक्षावाला घाबरून बाजूला झाला. त्याची नजर उजवीकडच्या रिकाम्या सीटवर खिळली होती. "अक्का, त्या गाडीत ड्रायव्हर नाही!"

"आहे," मी म्हटलं. "तो पलीकडे बसतो."

"मग या बाजूला कोण?"

"त्यांचे अण्णा," मी म्हटलं, आणि बॅग उचलून रिक्षात ठेवली.